ओढ्यापलीकडची निरोगी घरं

मानसोपचाराचं शिक्षण घेताना ज्या सरांनी मला संशोधन शिकवलं, त्यांचा एक नियम होता. दार बंद दिसलं तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, आणि तरी कुणी भेटलं नाही तर फॉर्मवर ‘बंद’ लिहायचं. “‘बंद’ लिहिण्यात कमीपणा नाही,” सर म्हणायचे, “न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिण्यात आहे.” मी ते वहीत लाल शाईने उतरवून घेतलं होतं. शाईचा काही उपयोग झाला नाही.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. डिग्रीसाठी प्रबंध लिहावा लागायचा. मी परभणी जिल्ह्यातलाच, म्हणून सरांनी मला मानवतजवळचं एक गाव दिलं. घरोघर जायचं, झोप लागते का, जेवण जातं का, घरात कुणी एकटंच बोलतं का, असं विचारायचं आणि घरागणिक एक फॉर्म भरायचा. मोठ्या आळीत काम झकास झालं. लोक ओट्यावर बसवून चहा पाजायचे. तिथली दोन घरं बंद होती, तर मी दोन्हीकडे तीन-तीनदा गेलो. चहा होता ना.

ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती होती. तिकडे गेलो ते कापूस वेचणीचे दिवस होते. बहुतेक दारांना कुलपं. एक म्हातारी दारात तूर निवडत बसली होती.

“समदे येचायला गेलेत,” ती म्हणाली. “दिवस बुडाल्यावर या, समदे सापडतेल.”

दिवस बुडेपर्यंत थांबायचं म्हणजे मानवतची एसटी सोडायची आणि शाळेच्या खोलीत मुक्काम करायचा. तिथल्या ढेकणांची आणि माझी आदल्याच आठवड्यात ओळख झाली होती. तरी शेवटच्या घरापर्यंत गेलो. त्यालाही कुलूप. वळणार तेवढ्यात आत भांडं पडलं. मी म्हातारीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली आणि तूर निवडत राहिली. मांजर असेल, असं मी मनाशी म्हणालो. मनोविकारांचा अभ्यास करणारा माणूस, आणि म्हातारीने मान का खाली घातली हे मला कळलं नाही असं म्हणायचं तर ते खोटं होईल. मी घड्याळ पाहिलं आणि एसटी गाठली.

ते फॉर्म मी मानवतच्या स्टँडवर बसून भरले. माणसांची नावं मतदारयादीतून घेतली. एकाच खेपेवर ‘बंद’ लिहिलं असतं तर उरलेल्या दोन खेपांसाठी सरांनी परत पाठवलं असतं, म्हणून सगळीकडे ‘निरोगी’ लिहिलं. एका घरी झोपेची किरकोळ तक्रारही घातली, खरं वाटावं म्हणून. ही अक्कल मला कुणी शिकवली नव्हती.

सर खूश झाले. कष्टकऱ्यांच्या वस्तीत आजार इतके कमी कसे, यावर त्यांनी मला एक आख्खं प्रकरण लिहायला लावलं. मी ते लिहिलं, चांगलं लिहिलं. डिग्री मिळाली. पुढच्या विद्यार्थ्यांना सर माझा तक्ता दाखवायचे, आणि मी मागच्या बाकावर बसून खाली बघायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. एकदा सांगायचं ठरवून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परतलो.

त्या सर्व्हेनंतर दीड वर्षाने आमच्या ओपीडीत एक माणूस बहिणीला घेऊन आला. “जयभीम डॉक्टर,” म्हणाला. केसपेपरवरचं गावाचं नाव मी दोनदा वाचलं. बाळंतपणानंतर बहिणीचं डोकं फिरलं होतं. नवऱ्याने तिला पोरीसकट माहेरी आणून सोडलं. रानात जाताना ते तिला घरात कोंडून जायचे, पोरगी मामीच्या कडेवर.

“लय वंगाळ वाटायचं, पण करावं काय? हिरीकडं पळायची.” घर कुठलं, हे मी विचारलं. ओढ्यापलीकडचं, शेवटचं.

तिला वॉर्डात ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. दीड महिन्यात ती नीट जेवायला, झोपायला लागली, भावाशी हसायलाही लागली. हा आजार लवकर ओळखला तर असाच बरा होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मानवतच्या स्टँडवरही ठाऊक होतं.

घरी जायच्या दिवशी मी धीर करून भावाला म्हणालो, “मी तुमच्या वस्तीत आलो होतो. सर्व्हेला.”

“हाव, म्हातारीनं सांगितलंतं. आमीच न्हवतो घरी. तुमची काय चूक?”

इथे बोलायला हवं होतं. आतला आवाज ऐकला होता, फॉर्म खोटा भरला होता, एवढी दोनच वाक्यं होती. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा समजावून सांगितलं.

मामी पोरीला घेऊन न्यायला आली होती. पोरगी आता दोन वर्षांची झाली होती. बहिणीने हात पुढे केले. पोरगी मामीच्या खांद्यात तोंड खुपसून “आई, आई” करत रडायला लागली. मामी ओशाळली. बहिणीने हात मागे घेतले, पदर नीट केला आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं,

“डॉक्टर, मी गेल्या वर्षीच आले असते, तर हिनं मला वळखलं असतं का?”

तिने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. मी म्हणालो, “हो.” ओढ्यापलीकडच्या त्या घराबद्दल मी सांगितलेली तेवढीच एक खरी गोष्ट.