उचलायचा नाही असा फोन

…अगं नाही, कार्ड म्हणजे तुझं ते बँकेचं नव्हे. फोनचं. नखानं खरवडायचं, खालचा नंबर दाबायचा, मग घरी बोलायचं. आणि मी बोलते तसंच लिही, सुधारत बसू नकोस.

तर कॉलरवाली. तुझ्या आजोबांबरोबर मी परदेशात होते ना, तिथं लाँड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर ती इस्त्री करायची. शर्टाची कॉलर तिच्यासारखी कुणाला जमायची नाही, म्हणून ते नाव. चार वर्षांची पोर जावेकडे ठेवून एकटी आलेली. राहायला एका खोलीत पाच बायका, पण त्यांत आपली भाषा बोलणारी एकही नाही.

पहिलं कार्ड घेतलं तेव्हा सासू बोलली, जाऊ बोलली, शेजारीणसुद्धा म्हणाली, "मला पण दे की जरा." पोरीच्या हातात फोन आला आणि कार्ड संपलं!

मग हिनं युक्ती काढली. रविवारी दुपारी चारला घरी फोन वाजवायचा नि लगेच ठेवायचा. तिकडं कुणी उचलायचा नाही. घंटी वाजली म्हणजे आई बरी आहे. पोरीला पत्रातून बजावलं, उचललास तर आईचे पैसे जातात हं.

दीड वर्ष असंच. मी म्हणायचे, "बाई गं, नुसत्या घंटीत काय मिळतं तुला?"

"तिकडं ती फोनला चिकटून बसलेली असते हो ताई."

एका रविवारी बूथवाल्याकडे मोठं कार्ड अर्ध्या किमतीत मिळालं. मुदत त्याच संध्याकाळी संपणार, म्हणून स्वस्त. चांगलं तासभर बोलता येणार होतं. बाई नवी साडी नेसून आली. मी म्हटलं, "फोनमधून दिसणार आहेस का?" तर लाजली.

चारला फोन लावला. घंटी वाजतेय, वाजतेय. कुणी उचलेना. ठेवला, परत लावला. परत तेच. बूथवाल्यानं हातानं खूण केली, घरी कुणी नाही.

"आहे," ती मला म्हणाली. "तिथंच बसलीये. मीच शिकवलंय तिला."

कार्डाची मुदत संपेपर्यंत ती लावत राहिली. मी बाहेर बाकावर बसून होते.

महिन्यानं जावेचं पत्र आलं. घरात पोर नि सासू दोघीच होत्या. सासू उचलायला उठली, तर पोरीनं तिचा हात घट्ट धरला, "नको आजी, आईचे पैसे जातील." आणि सगळ्यांना सांगत सुटली, आज आई खूप खूप बरी आहे.

ते पत्र तिनं मला वाचून दाखवलं आणि पुढचा शर्ट ओढला.

वर्षभरात लाँड्री बंद पडली. ती दुसऱ्या गावी कामाला गेली. मला लिहिता येत नाही, पत्ता कुठला ठेवणार?

आता खाली असं लिही. तिच्या लेकीला कुणी ओळखत असेल तर तिला सांगा, तुझ्या आईशेजारी दोन-अडीच वर्षं इस्त्री केलेली एक म्हातारी अजून आहे. आईबद्दल काही विचारायचं असेल तर ये म्हणावं.