ट्रॅफिक मागणारे चाचा

माझी शाळेची व्हॅन तापली की भर रस्त्यात बंद पडायची. आत पोरं, मागे कंटेनरचे हॉर्न. मी नुसती चावी फिरवत राहायचे. दोन पालकांनी तर आपली पोरं काढूनच घेतली.

शेवटी भिवंडीच्या नारपोलीतल्या एका गॅरेजात तिथल्या मेकॅनिक चाचांनी दोष पकडला. इंजिनाला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, ईसीएम, गेला होता. त्यांनी नवा बसवला. चावी फिरवताच व्हॅन सुरू झाली. मी निघणार, तोच चाचा टोपीवर बसलेला शेजारच्या पॉवरलूमचा कापूस झटकत मागे पोरांच्या बाकावर येऊन बसले. गुडघे पार छातीला टेकलेले.

"ताई, कशेळीला घ्या. आज आपल्याला ट्रॅफिक पायजे."

भिवंडीत ट्रॅफिक मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. कशेळीचा रोजचा जाम लागला तसा त्यांचा चेहरा खुलला. डोळे मिटून ते इंजिन ऐकत राहिले.

"चाचा, झाली ना सुरू? मग कशाला एवढा त्रास?"

"मोकळ्या रोडवर कुठली पण गाडी चालते, ताई. तुमची पोरं अडकतात तिथं चालली पायजे."

व्हॅन चांगलीच तापली, पण बंद पडली नाही. चाचा तिथंच उतरले, हात हलवला आणि ट्रकांमधून वाट काढत चालत परत गेले.

आजही कशेळीला अडकलं की सगळे शिव्या घालतात. मी आरशातून मागच्या बाकाकडे बघते. ती दोन पोरं आता परत येतात. खिडकीसाठी भांडत असतात. इंजिनाकडे त्यांचं लक्षसुद्धा नसतं.