साखळीतला माझा तास

वारंगा फाट्यावर माझं पाइप आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाइकांशी दिवसभर घसा कोरडा होईस्तोवर बोलतो. पण रविवारी कळमनुरीला आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला उभं राहा म्हटलं, की मी चपलांकडं बघत बसतो. पोरगं आजारातून उठलं तरी बाप उभा राहत नाही, देवाचे उपकार मानत नाही, म्हणून लोक कुजबुजतात. कुजबुजू देत. त्यांना जे ठाऊक आहे त्यापेक्षा मी बराच वाईट आहे.

आमची मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये भरते. घरं मोजकी, त्यामुळं कुणाच्या घरी आज काय शिजलं हेसुद्धा सगळ्यांना माहीत. त्या वर्षी पावसाळा संपता संपता डेंगू आला आणि आमच्यातली दोन लेकरं एकाच आठवड्यात आडवी झाली. एक माझा मुलगा. दुसरी आमच्या ताईची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली. ताई म्हणजे माझी बहीण नव्हे. मंडळीत शिलाईकाम करणारी एक बाई आहे, तिचा नवरा ट्रक चालवतो, तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. दोन्ही लेकरांच्या पेशी खाली गेल्या आणि दोघांनाही नांदेडला एकाच दवाखान्यात हलवलं.

असा प्रसंग आला की आमच्यात साखळी प्रार्थना धरतात. पाळकसाहेब दिवसाचे तास घराघरांत वाटून देतात. आपला तास आला की हातातलं काम सोडायचं, गुडघ्यावर बसायचं आणि आजाऱ्याचं नाव घेऊन देवाला विनवायचं. तास सरला की पुढच्या घराला फोन करून सांगायचं, आमचा झाला, तुमचा धरा. साखळी तुटू द्यायची नाही. या वेळी नावं दोन होती आणि दोन्ही घ्यायची असं पाळकसाहेबांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. लेकरांच्या आईबापांनाही एकेक तास दिला होता.

माझा तास दुपारी आला. दवाखान्याच्या जिन्यात, कुणी येत-जात नव्हतं अशा कोपऱ्यात मी बसलो. मुलाचं नाव घेतलं, रडलो, परत घेतलं. ताईच्या मुलीचं नाव ओठांपर्यंत आलं होतं आणि ते मी गिळलं. विसरलो असतो तर आज इतकं खुपलं नसतं. मी विसरलो नाही. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा शेजारणीची घागर आपल्या आधी कुणी पुढं सरकवत नाही. त्या दुपारी माझा देव त्या टँकरसारखा झाला होता, पाणी थोडं आणि घागरी दोन. तास सरल्यावर मी डोळे पुसले आणि पुढच्या घराला फोन लावून सांगितलं, आमचा झाला, तुमचा धरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईची मुलगी गेली. संध्याकाळी माझ्या मुलाच्या पेशी चढू लागल्या.

मातीला सगळी मंडळी होती. कुणीतरी म्हणालं, देवाला चांगली फुलं आवडतात, म्हणून तो ती आधी तोडून नेतो. असलं बोलणाऱ्याचं तोंड धरावंसं मला वाटतं. कळ्या खुडत फिरणाऱ्या माळ्याला आपण बागेत पाऊल ठेवू देऊ का? पण मी कुणाचं तोंड धरणार? मी लोकांच्या मागं लपून उभा होतो. ताईची नजर माझ्यावर पडू नये एवढीच माझी धडपड चालली होती. आपण गिळलेलं नाव आता खड्ड्यापाशी सगळे मोठ्यानं घेताहेत, हे ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नंतर ताईनं मंडळीत येणं सोडलं. लोक म्हणाले, विश्वास डळमळला. मला वाटलं, माझं पोरगं बाकावर बसलेलं तिला बघवत नसेल, आणि का बघवावं? दवाखान्यात तिनं माझ्या बायकोचा हात धरून सांगितलं होतं, "वहिनी, आमी बी तुमच्या लेकरासाठी प्रार्थना करून राहिलो." हे मला रोज आठवायचं. तिच्या प्रार्थनेनं माझं वाचलं आणि माझ्या मुकेपणानं तिचं गेलं, असा हिशेब मी मनाशी मांडून ठेवला होता. देव असा हिशेब करत नाही हे मला माहीत होतं. पण लाजेपुढं माझं शहाणपण काही चालत नव्हतं.

बायकोनं दवाखान्यात नवस नव्हे, पण नवसासारखंच काहीतरी देवाला बोलून ठेवलं होतं. लेकरू बरं झालं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवीन आणि मंडळीला जेवू घालीन. मी दुकानाचं निमित्त सांगून पुढं ढकलत राहिलो. शेवटी ती खवळली. "देवानं लेकरू परत दिलं, आन् तुमाला त्याचे उपकार मानायला येळ न्हाई?" सभा ठरली. मग घरोघरी बोलावणं करायला निघालो, तेव्हा ताईचं घर आलं तशी बायकोच मागं सरली. म्हणाली, "तिथं तुमीच जा. माझ्यानं तिच्यापुढं उभं राहवणार न्हाई."

कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी दुपारी मी एकटाच गेलो. ताई ओसरीत मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज शिवत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा टाकला. बोलावणं कसं करावं याची जुळवाजुळव माझ्या मनात चालली होती, तेवढ्यात तिनंच तोंड उघडलं.

"भाऊ, एक सांगायचंय. पाळकसाहेबांच्या कानावर घालू नका."

"बोला की."

"माझ्या तासाला मी तुमच्या लेकराचं नाव घेतलं न्हाई. मुद्दाम न्हाई घेतलं. देवाला म्हटलं, एकच वाचवायचं असंल तर माझी वाचव. वहिनीला मात्र वर तोंड करून सांगितलं, प्रार्थना करून राहिलो म्हणून." ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बोलत होती. "त्यानं ऐकलं असंल न ते. म्हणून नेली तिला. आता तुमच्या पोराकडं बघायची लाज वाटती. म्हणून येत न्हाई मी तिकडं."

आता जे सांगतो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला क्षणभर हलकं वाटलं. ती अपराधी आणि मी मोठ्या मनाचा, अशी जागा तिनं आपणहून मला काढून दिली होती, आणि मी तिथं जाऊन बसलोसुद्धा. पाळकाच्या आवाजात म्हणालो, "असू द्या ताई. देव क्षमा करतो." तिनं मान हलवली. आपला गुन्हा खरा आणि मिळालेली शिक्षाही खरी, असं एकदाचं कुणीतरी सांगितल्यासारखी हलवली. ती मान बघून मी काय बोललो ते मला कळलं. लेकरू गेलेल्या आईला मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं, की होय, तुझ्यामुळंच गेलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. "ताई, मीबी तेच केलं."

तिला कळलं नाही.

"माझ्या तासाला तुमच्या पोरीचं नाव तोंडात आलं होतं. मी गिळलं. मुद्दाम. तुमी केलं तेच, तसंच. आन् माझा पोरगा जिता हाय."

तिनं चाकावरचा हात काढून घेतला. आता शिव्या देईल, हाकलून देईल असं मला वाटलं, आणि तिनं तसं करावं अशी माझी इच्छाही होती. ती हळूच म्हणाली, "म्हंजी त्यापायी नेली न्हाई?"

"न्हाई. त्यापायी नेत असता तर माझाबी नेला असता."

"मग काहून नेली?"

खोटं बोलून झालं होतं, आता परत बोलवेना. एवढंच म्हणालो, की ज्यानं कुणाचंच नाव कधी गिळलं नाही, खिळे ठोकणाऱ्यांसाठीसुद्धा ज्यानं प्रार्थना केली, त्यानंही क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं होतं, आणि तो टळला नाही. म्हणजे दुःख आलं की देव रुसला, हे आपणच ठरवतो. का येतं ते मला माहीत नाही. ज्याच्याकडं आपण मागतो, त्याच्याही घरात ते येऊन गेलंय, एवढंच माहीत आहे.

ताईनं पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या आईनं तर डोळ्यानं पाह्यलं," ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी बोलावणं केलं. येऊ नये वाटलं तर नका येऊ, असंही म्हणालो. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "आता आलाच तर प्रार्थना करून जा. तिचं नाव घेऊन करा."

आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेलं माणूस देवापाशी असतं, त्याच्यासाठी मागायचं काही उरत नाही, असं लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी ओसरीत तिच्या मशीनशेजारी गुडघ्यावर बसलो. बाजारातून परतणारी माणसं रस्त्यावरून जात होती, वळून बघत होती. काय मागावं ते सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही. जे नाव जिन्यात गिळलं होतं, ते मोठ्यानं घेतलं, आणि ताई 'आमेन' म्हणेपर्यंत घेत राहिलो.