फाटकावरची झडती

"काढ," मुकादम म्हणाला. "चोळीमा काय दपाडेल शे, ते काढ."

संध्याकाळची सुट्टी झालेली. जळगाव स्टेशनाजवळची ती जिन. कपाशीतली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. फाटकापाशी आम्हा बायांची रांग. रोज सुटताना झडती. पदर झटकायचा, ओचा सोडून दाखवायचा, मग बाहेर. गड्यांचे नुसते खिसे चाचपायचे. आमचं सगळं अंग बघायचे.

त्या दिवशी ओट्यावर शेठ बसलेले. शेजारी मुंबईहून आलेला, विलायती कंपनीसाठी गाठी खरेदी करणारा माणूस. कोट घातलेला, पण आपल्यातलाच. मराठी बोलणारा.

मुकादम आमच्या मेहरूणचा, आमच्याच गल्लीतला. मी त्याला नाना म्हणायचे.

"नाना, काही नाही हो."

त्यानं हातातली वेताची काडी माझ्या छातीवर टोचली. जिथं चोळी ओली होती, तिथंच.

मी काढला. रुईचा बोळा. दुधानं भिजलेला.

माझा पोरगा तीन महिन्यांचा होता. सकाळी पाजून सासूजवळ ठेवायचे, ते थेट दिवेलागणीला घरी. दुपारी तासभर सोडा म्हणून दोनदा विनवलं होतं. मुकादम म्हणाला होता, "यंत्र थांबत नाही बाई." दुपार झाली की छाती दगडासारखी व्हायची. मग पाझरायची. चोळी भिजायची आणि हमाल टक लावून बघायचे. म्हणून झाडलोटीतली मळकी रुई उचलून आत धरायचे. ती तशीही उकिरड्यावर जायची.

मुकादमानं तो बोळा काडीवर उचलून धरला. "बघा शेठ. चोरी."

दूध ठिबकत होतं. ते काय आहे, सगळ्यांना कळलं. त्यालाही कळलं. चार लेकरांचा बाप होता तो. तरी हसला. मग हमाल हसले.

शेठ म्हणाले, "आठवड्याची मजुरी कापा हिची."

कंपनीचा माणूस जरा पुढे वाकला. मला वाटलं, हा शिकलेला आहे, हा काहीतरी बोलेल. तो बोलला.

"शेठ, ओली रुई गाठीत तर जात नाही ना? विलायतेचे साहेब ओला माल घेत नाहीत."

एवढंच.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "चुकलं नाना." हात जोडले. ती रुई, ती काडी, ते हसणं, सगळं एक वेळ विसरेन. माझे जोडलेले हात विसरत नाही.

घरी पोराला पाजत सासूला सांगितलं. ती तवा ठेवत होती. तरुणपणी तीही त्याच जिनमध्ये होती. वर न बघता म्हणाली, "आमनीबी झडती लेयेत. सवय व्हई जास."

तिनं धीर द्यायला म्हटलं असेल. मला चटका बसला. हिला सवय झाली, म्हणून माझी पाळी आली. मला झाली की माझ्यानंतर येणाऱ्या बाईची येणार.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले. सुट्टी झाली, रांग लागली. माझा नंबर आला. मुकादमानं काडी पुढे केली.

"मना आंगले हात लावू नको," मी म्हणाले. आणि फाटकाच्या मधोमध बसले.

"ऊठ."

"नई."

माझ्या मागे हलीमाबी होती. पिंजाऱ्याची बायको, माझ्याच यंत्रावरची. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. ती आली आणि खांद्याला खांदा लावून बसली. मग एकेक करत बाकीच्या. काही जणी रडत बसल्या, पण बसल्या.

बाहेर कपाशीच्या बैलगाड्यांची रांग. त्यांना आत येता येईना. आतल्या गाठी मालगाडीला जायच्या होत्या. तिथून मुंबई, मुंबईहून बोटीनं विलायत, आणि कापड होऊन परत आमच्याच बाजारात. त्यातलं लुगडं मला कधी परवडलं नाही. पण त्या दिवशी ती सगळी वाट आमच्या मांड्यांखाली अडली होती. हे मला तिथं बसल्यावर कळलं. आधी नाही.

गाडीवान ओरडायला लागले तेव्हा शेठ स्वतः आले.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"पुरुषानं झडती घ्यायची नाही," मी म्हणाले. "आणि जिचं लेकरू अंगावर आहे, तिला दुपारी घरी सोडायचं."

"और मजुरी मर्दों जितनी!" हलीमाबी ओरडली.

मी चमकून तिच्याकडे बघितलं. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही त्याच यंत्रावर, तेवढेच तास, तोच भुगा नाकातोंडात घेत उभ्या. मग कमी का? शेठ त्यावर खो खो हसले. पण मालगाडीची वेळ होत आली होती. त्यांनी झडतीचं कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून पडदा लागला, झडतीला म्हातारी बाई आली. दुपारची सुट्टी दिली नाही. मजुरीचं तर नावच नाही.

चार दिवसांनी मला आणि हलीमाबीला फाटकातूनच परत पाठवलं. जळगावातल्या एकाही जिननं आम्हाला घेतलं नाही. आमची नावं आमच्याआधी पोचायची. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. सासू मात्र एका सकाळी न मागता भाकरी बांधून देत म्हणाली, "जाय. बोदवडले जाय."

आता आम्ही दोघी बोदवडच्या जिनमध्ये आहोत. इथवर आमची नावं पोचली नव्हती. पोरगा माझ्या कडेवर असतो. इथल्या बायांशी आम्ही दोघी पाणी पिताना बोलतो. आधी चार ऐकायच्या, आता बहुतेक सगळ्या ऐकतात. पौषात कपाशीच्या गाड्यांची रांग सगळ्यात लांब असते, रस्त्यापर्यंत जाते. तो दिवस आम्ही धरला आहे. त्या दिवशी फाटकात बसायचं. अर्धं कबूल केलं तर उठायचं नाही. पोलीस आले तरी नाही. गड्याइतकी मजुरी इथला शेठ चारचौघांत कबूल करेल, तेव्हाच फाटक मोकळं होईल.