अण्णा, विंचू आणि आठ फूट

फोन आला तेव्हा नवी पेठेतल्या दुकानात मी एका बाईंना इरकल अंगावर कशी दिसते ते स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होतो. तीस वर्षं साड्या विकलेल्या माणसाला याची लाज वाटत नाही. पलीकडून सविता बोलत होती, माझ्या चुलत भावाची लेक. एवढंच म्हणाली, "काका, अप्पा गेले. तुमी या." मी पदर खांद्यावर तसाच ठेवून गादीवर बसलो... सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं, हे मला मागाहून कळलं.

अप्पा म्हणजे तिचा बाप शिवाण्णा, माझा अण्णा. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गावाकडं, वळसंगला आमची दोघांची रानं शेजारी शेजारी, मधे एक बांध. तो रानात राहिला, मी शहरात आलो. घराण्यात हुशार म्हणून माझं नाव होतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काही वर्षांपूर्वी अण्णानं छोटा ट्रॅक्टर घेतला, पुढं माती ढकलायचं सूप आणि मागं खोदायचा लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला दात असलेली बादली. तो हात वर दुमडून ट्रॅक्टर रस्त्यानं निघाला की नांगी उगारल्यासारखा दिसायचा, म्हणून गावानं त्याचं नाव विंचू ठेवलं. मोठी यंत्रं जिथं वळत नाहीत त्या परसात, गोठ्यामागं, विहिरीच्या काठाला विंचू शिरायचा. संडासाचे खड्डे, पाइपाच्या चरी, आंब्यासाठी खड्डे, बाभळीची बुंधं... अण्णा आसन उलटं फिरवून मागं तोंड करून बसायचा, दोन्ही बाजूंचे लोखंडी पाय जमिनीत टेकवायचा आणि मगच दांड्यांना हात लावायचा. काळ्या रानात पायांखाली फळ्या घातल्याशिवाय तो खोदायचाच नाही. एकदा मी हट्टानं वर बसलो आणि पाय न टेकता दांडी ओढली. बादली मातीत रुतली आणि माती यायच्या ऐवजी ट्रॅक्टरच माझ्यासकट मागं घसरला. अण्णा खाली कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "बसू, खड्ड्यानं तुज्याकडं यायला पायजे. तू खड्ड्याकडं निघालास."

पूर्वी बांध कोरायचा तर नांगराच्या एकेका तासानं, म्हणजे फाळाच्या एकेका रेघेनं कोरावा लागे, त्यात माणसाचा जन्म जायचा. विंचू मात्र दुपारच्या भाकरीआधी अख्खा बांध सरकवू शकत होता. एका उन्हाळ्यात रानात गेलो, तर बांध माझ्या अंगावर आल्यासारखा वाटला. दिवसभर कापड मोजणारा माणूस मी. बोटभर कमी भरलं तरी नजरेला कळतं, असा माझा ताठा. अण्णाला विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. मी सरळ मोजणीचा अर्ज टाकला. नोटीस हातात पडल्यावर त्याचा फोन आला. रागावला नाही. "मोज की," म्हणाला, "पण आदी सांगितलं असतंस तर मोजणाऱ्यांच्या चहाचं बघितलं असतं." मोजणीच्या दिवशी तो आलाच नाही. वहिनींच्या तोंडून निरोप आला, की बसू हाय तितं, म्हंजे मी असल्यासारखंच हाय.

मोजणीवाल्यांनी उन्हातान्हात मोजून खुंट्या रोवल्या, त्या माझ्याच रानात, बांधापासून आठ फूट आत. बांध सरकला होता हे खरं. पण तो अण्णाच्या रानात सरकला होता. माझ्या वडलांच्या नांगरानं, वर्षानुवर्षं, तासातासानं. मोजणीवाल्यांची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबलो. मग खुंट्या एकेक करून उपटल्या आणि अण्णाच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "बरोबर हाय. बांध जागच्या जागी हाय." तो म्हणाला, "मग झालं की," आणि वहिनींना माझं ताट वाढायला सांगितलं. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. खोटं बोललं की मला भूक लागते, हे त्या दिवशी समजलं. पुढं नकाशा दुकानाच्या पत्त्यावर आला, तो मी घरी कपाटात कपड्यांखाली सरकवून दिला.

दुसऱ्या वर्षी म्हातारपणाची सोय म्हणून मी रानात दोन खोल्या बांधल्या. विहिरीपासून घरापर्यंत पाइपाची चर अण्णानंच काढली, बांधाला धरून. मी लिंबाखाली खुर्ची टाकून देखरेख करत होतो. मधेच त्यानं यंत्र थांबवलं आणि मान वळवून विचारलं, "बांधाकडं सरकतीय का रं? बघून घे बाबा, मागनं बोल नको." आठ फूट गिळलेला मी उठलो, टेप लावली, आणि म्हणालो, "बोटभर हिकडं घे."

त्यानं घेतली.

आमच्यात दहन नाही, पुरतात, तेही आपल्याच रानात. आमच्या आजोबांची समाधी बांधाच्या कडेला आहे आणि त्यांच्या शेजारची जागा अण्णानं बोलून ठेवली होती. ती जागा बांधाच्या माझ्या बाजूला, त्याच आठ फुटांत येत होती. जमीन उन्हानं दगड झालेली, कुदळ टणकन उडत होती. शेवटी सविता विंचू घेऊन आली. लेकीनं बापाचा खड्डा काढायचा का, असं एक म्हातारा पुटपुटला. ती म्हणाली, "मामा, दुसऱ्या कुनाला चालवता येतोय ह्यो?" फळ्या घातल्या, पाय टेकवले, आसन फिरवलं. मग वरूनच मला विचारलं, "काका, हितं खणू का? जागा तुमची हाय."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "खण."

माती देऊन परतताना लोक बोलत होते, की भाऊ असावा तर असा, भावासाठी रान सोडलं. वहिनींनी रडतारडता हात जोडले. "भावजी, तुमचे लई उपकार झाले." मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

गेल्या रविवारी नकाशा घेऊन वळसंगला गेलो. सविता विंचवाला वंगण देत होती. हात पुसून तिनं नकाशा वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं शिव्या देईल, द्याव्यात असंही वाटलं. ती म्हणाली, "हे अप्पांना दावायचं होतं की."

तिनं नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"खुंट्या कुटं हायत?"

"उपटल्या मी."

तिनं टेप घेतली, बांधापासून माझ्या रानात आठ फूट मोजले आणि टाचेनं जमिनीवर रेघ मारली. "मग हितं तुमीच उभं ऱ्हावा. हलू नका."

मी उभा राहिलो. तिनं जुना बांध उकरून नव्या जागी रचायला घेतला. रचून झालं की अण्णा बादलीच्या पाठीनं माती दोनदा थोपटायचा, निजणाऱ्या लेकराला थोपटावं तशी. ती त्याच हातानं थोपटत थोपटत पुढं येत होती. ऊन डोक्यावर आलं. माझ्या पायाशी आल्यावर तिनं विंचवाचा हात वर उचलून धरला.

"सरका आता काका," ती म्हणाली. "तेवढीच जागा राहिलीय."