बारा पदवीधर आणि एक शाल

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतला तो रंगीत तक्ता अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका खासगी आरोग्य विद्यापीठाच्या नावाने थाटलेल्या प्रवेश केंद्रात तो टांगलेला होता. कोणत्या पदवीला किती पगार हे त्यावर लिहिलेलं, आणि प्रत्येक आकड्यापुढे तेवढा पगार घेणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा हसरा फोटो आणि नोकरीच्या शहराचं नाव.

मी तेव्हा तिथल्या ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी किल्लारीचे एक गृहस्थ बारावी झालेल्या मुलीला घेऊन आले. भूकंपाच्या बंदोबस्तात नवखा फौजदार म्हणून मी त्यांच्या गावात तंबूत राहिलो होतो. गावाचं नाव ऐकलं आणि मी आधी चहा मागवला.

"साहेब, तक्त्याला भुललो अन् पोरीची असल कागदं तिथं देऊन बसलो. आता नांदेडच्या सरकारी नर्सिंगला तिचा नंबर लागलाय. उद्या पाचपर्यंत कागदं दाखवायचीत. ह्यो केंद्रवाला म्हनतो, आमची पुरी फी भरा, मग न्या."

चहा घेऊन आलेले हॉटेलवाले चाचा थबकले. "साब, त्या तक्त्यातल्या एका पोरीनं परसाल माझ्या हॉटेलात बारावीचे पेढे वाटले. एका सालात डिग्री बी झाली अन् नोकरी बी?"

केंद्रचालकाला तक्त्यासह ठाण्यात आणलं. गडी भलताच थंड. "सगळे आमचेच विद्यार्थी. नोकरी लागली तिथंच सत्कार झाले त्यांचे," म्हणाला.

मी तक्ता टेबलावर आडवा टाकला. माझ्या पुतणीचा त्याच गल्लीतल्या एका क्लासने सत्कार केला होता. फोटो निघाला की शाल काढून पुढच्याच्या खांद्यावर; बिचारीच्या घरी नुसता नारळ आला. इथेही तोच प्रकार. सगळ्यांच्या खांद्यावर पिवळी शाल, आणि काठाला एकाच जागी जळाल्याचं भोक.

"बारा पदवीधर, बारा शहरं आणि शाल एकच?"

त्याने मान खाली घातली. पूर्वी तो क्लासच्या सत्कारांचे फोटो काढायचा. पगार? "मनानंच लिहिले साहेब. इचारतंय कोण?"

पण मुलीचे कागद जप्त झाले की मुद्देमाल, आणि मुद्देमाल कोर्टात अडकला की तिचं वर्ष गेलं. पंचनामा उरकून, झेरॉक्स साक्षांकित करून मी त्याच दिवशी कोर्टात अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला कागद परत देण्याचा आदेश हातात पडला. एसटीच्या भरवशावर कुठं राहायचं? महिला शिपाई सोबत देऊन दोघांना ठाण्याच्या जीपमध्ये बसवलं.

बसता बसता वडिलांनी विचारलं, "साहेब, नर्सला खरा पगार किती असतोय?"

खोटा आकडा पकडल्याच्या ऐटीत होतो. खरा मीही कुणाला विचारला नव्हता. फार ओशाळलो.

"आबा, मला मिळाला की म्या सांगते," मुलगी म्हणाली. "साहेबांला बी."

जीप पावणेपाचला पोहोचली.

मी निवृत्त झालो, त्या धांदलीत हे विसरूनही गेलो. मग एक दिवस तिचा फोन आला. पहिला पगार तिने रुपयापर्यंत सांगितला. "तक्त्यापरीस लई कमी हाय, साहेब. पण आबाला लई कौतुक वाटतंय."

खोटं पकडलं म्हणजे खरं कळलं असं होत नाही, हे नोकरीत फार उशिरा शिकलो. आजही कुणी पालक पगाराचा तक्ता घेऊन माझ्याकडे आला, की मी तो बाजूला ठेवतो आणि तिला फोन लावून देतो.