फाटकावरची टोपली

शेजारच्या विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला बहिणीकडे होते. "मावशी, आई गेली... मोगऱ्याले पानी टाकता टाकताच," त्यांची मुलगी कशीबशी बोलली. मिळेल त्या बसने अकोल्याला पोचले, तर कॉलनीतल्या बायका फाटकाबाहेर घोळका करून उभ्या. बाईंनी किती फुलं फुलवली, हे एकमेकींना सांगत होत्या. आत जाऊन त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवायला एकीचाही पाय उचलला नाही. मी त्यांच्यातून वाट काढत आत गेले.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि आमच्या शेजारी घर बांधून राहायला आल्या. बौद्ध घर आपल्या रांगेत आलं म्हणून काही महिने कुजबुज झाली. मग बाग फुलली आणि कुजबुजणारेच पहाटे पिशव्या घेऊन कुंपणाशी येऊ लागले. उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. कपडे विसळलेलं, तांदूळ धुतलेलं सगळं पाणी ताई बादलीने झाडांना न्यायच्या, वर जुन्या साड्या ताणून सावली करायच्या. तेव्हा कुठे पावसाळ्यात तगर, जास्वंद आणि थंडीत शेवंती दिसायची. ती हे लोक फुकटात ओरबाडून न्यायचे. भाद्रपदात गौरी-महालक्ष्म्यांच्या दिवसांत तर आकडी लावून फांद्याच मोडायचे. चोरीच्या फुलांनी कोणता देव पावतो, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ताई भांडल्या नाहीत. पहाटे उठून त्यांनी स्वतःच फुलं तोडली, वेताच्या टोपलीत भरली आणि टोपली फाटकाला अडकवली. "लागतीन तेवढे घेऊन जा म्हना. झाडं तं वाचतीन." दुपारी पाहिलं तर टोपली तशीच भरलेली, फुलं मलूल... आणि झाडं पुन्हा ओरबाडलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. ताईंना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. "झाडावरचं फूल चालते या लोकायले, माह्या हातचं नाही चालत," एवढंच म्हणाल्या. सुकलेली फुलं त्यांनी झाडांच्याच बुडाशी टाकली आणि पुढच्या पहाटे टोपली परत अडकवली. अशी कित्येक वर्षं अडकवली. त्या लोकांची मला शिसारी यायची, आणि मी ती घरात बसून मोठ्या आवाजात बोलूनही दाखवायचे.

पण मी तरी टोपलीतलं फूल कधी घेतलं? सासूबाईंना चालणार नाही, असं म्हणत मी आमच्या बाजूला झुकलेली जास्वंद तोडत राहिले. ताईंकडे चहा प्यायचे आणि त्यातच स्वतःला मोठी सुधारक समजायचे. सासूबाई गेल्या, तरी माझा हात टोपलीकडे गेला नाही. "सुनंदा, तुले मोगरा लय आवडते नं? घेत जाय टोपलीतला," ताई एकदा म्हणाल्या होत्या. मी हो म्हणाले... आणि घेतला नाही. आज सगळ्यात जास्त किळस मला त्या 'हो'ची येते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मुलीने चाव्या माझ्या हातात दिल्या. "मावशी, झाडं पाहसान नं?" आता पाणी मीच घालते. परवा पहाटे तगर, जास्वंद आणि उरलासुरला मोगरा तोडला, ताईंच्या टोपलीत भरला आणि टोपली तिच्या जागी अडकवली. समोरच्या काकू पिशवी घेऊन आल्याच. टोपलीकडे बघून थबकल्या.

"कोनं तोडले वं हे फुलं? तिच्या पोरीनं?"

"नाही काकू, मीच तोडले."

"मंग बरं झालं बाई!" म्हणत त्यांनी ओंजळीने पिशवी भरली. मागोमाग बाकीच्याही आल्या.

सात वाजायच्या आत टोपली रिकामी झाली. ताई असताना ती एक दिवसही रिकामी झाली नव्हती.